विश्वासाची पायवाट, लेखांक १२ : आधी माया, मग आज्ञा

मागच्या आठवड्यात आपण होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथातला देव पाहिला. लेकराला हाताला धरून चालायला शिकवणारा, ते दूर पळालं तरी त्याच्यासाठी तुटणारा. मग प्रश्न उरतोच. देव इतका मायाळू आहे, तर आज्ञा पाळण्याचा आग्रह कशासाठी?

उत्तराची सुरुवात आपल्याच भागातून करू. नागपूरहून हावड्याकडे जाणारी रेल्वे मौदा तालुक्यातल्या चाचेर, तारसा या स्टेशनांवरून जाते. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले, ते याच मार्गानं. प्रवासात भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थानं त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. टिळकांना ते पटलं नाही, पण दिलेल्या शब्दाखातर त्यांनी वाचन चालू ठेवलं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरच्या प्रवचनाशी, ते खिळले. त्या वचनांतली प्रीती, कोमलता आणि सत्य यांपासून आपल्याला दूर होता येईना, असं त्यांनी पुढे सांगितलं. टिळकांना आधी ओढलं ते या मायेनं. पुढे त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होऊन आला, तो उगाच नाही.

हाच क्रम योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात दिसतो. पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं होतं, तेही महायाजकाच्या वाड्यात कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभं राहून. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी पुन्हा कोळशाचा विस्तव दिसतो. या वेळी तो येशूनं पेटवलेला आहे, त्यावर मासळी आहे, शेजारी भाकर आहे. रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांना तो आधी जेवू घालतो. ‘तू असं का केलंस?’ हा प्रश्न येतच नाही. न्याहारी झाल्यावर तो पेत्राला प्रीतीबद्दल विचारतो, तीनदा, म्हणजे जितक्यांदा नकार तितक्यांदा. आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याच्यावर मेंढरं सोपवतो. आज्ञा इथे येते, पण पोट भरल्यावर आणि क्षमा मिळाल्यावर.

आपल्या मंडळ्यांत हा क्रम कित्येकदा उलटा होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पोरांच्या कानावर आधी ‘देव शिक्षा करील’ पडतं. भीतीनं पाळलेली आज्ञा पाठ फिरताच सुटते. येशूनं शिष्यांना सांगितलं ते एवढंच, की ज्याची माझ्यावर प्रीती आहे तो माझ्या आज्ञा पाळील.

तरीही आज्ञापालन स्वस्त नसतं. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि त्यांचा संसार दुभंगला. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन काही वर्षं माहेरच्या माणसांकडे राहिल्या. टिळकांच्या निष्ठेची किंमत त्या बाईनंही मोजली, आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. हे झाकून टिळकांचा गौरव करणं मला पटत नाही. पण पुन्हा एकत्र आल्यावरचं वागणं पाहा. लक्ष्मीबाईंचं सोवळंओवळं चालूच राहिलं, टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही. जातीची बंधनं त्यांच्या मनातून आधी गळाली, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निर्णयानं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हा बदल आतून उमलताना दिसतो. देवाची वाट पाहण्याची रीत कशी असेल, याचा अंदाज मला व्याख्यानांपेक्षा त्या पानांतून अधिक आला.

त्याच निष्ठेनं १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय उभा केला. ९ मे १९१९ रोजी ते गेले, ख्रिस्तचरित्रावरचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं ठेवून. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.

पुढच्या आठवड्यात डोंगरावरच्या प्रवचनातली सर्वांत जड आज्ञा घेऊ : वैऱ्यावर प्रीती करण्याची.