आयोवाच्या शिवारातले हिमयुग

अमेरिकेतील आयोवा राज्याच्या उत्तर-मध्य भागात नजर जाईल तिथवर मका आणि सोयाबीन. ही सपाटी बर्फाने घडवली. शेवटच्या हिमयुगात कॅनडाकडून सरकत आलेल्या हिमस्तराची एक जीभ आजच्या दे मॉइन शहरापर्यंत पोहोचली होती. वाटेतले खडक तिने भरडले आणि वितळताना चिकणमाती, रेती व गोटे यांचा सरमिसळ थर मागे टाकला. बर्फाची कड जिथे रेंगाळली, तिथे हिमोढांच्या बुटक्या टेकड्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. गाळात गाडले गेलेले बर्फाचे तुकडे मागाहून वितळले आणि तिथे खळगे पडले.

भूशास्त्राच्या हिशोबाने ही भूमी अगदी कोवळी. सुमारे १५ हजार वर्षांत नद्यांना तिथे पुरेशा वाटा कोरता आल्या नाहीत, त्यामुळे पावसाचे पाणी खळग्यांतच साठे. त्या ओलीत उंच गवतांची मुळे वाढत आणि कुजत राहिली, जमीन काळीभोर झाली. एकाच शेतात मातीच्या तऱ्हा बदलतात: उंचवट्यावर चांगला निचरा होणारी क्लॅरियन, उतारावर निकोलेट, सखलात वेबस्टर, खळग्याच्या तळाशी ओकोबोजी. डोळ्यांना जेमतेम जाणवणारा चढउतारही पेरणी लांबवू शकतो, कारण खळगा वाफशावर आल्याशिवाय ट्रॅक्टर आत घालता येत नाही.

म्हणूनच इथली शेती खरी उभी आहे ती जमिनीखाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शेतकऱ्यांनी पाण्याच्या निचऱ्यासाठी साधारण १ मीटर खोलीवर भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरल्या. आता छिद्रांचे प्लास्टिक पाइप घालतात. पाणी शेजाऱ्याच्या रानातून न्यायचे, तर एकट्याचे काम नव्हे. त्यासाठी निचरा-जिल्हे स्थापन झाले आणि खर्च लाभधारकांवर वाटला गेला. नद्यांचे अपुरे राहिलेले काम माणसाने पुरे केले. त्याची किंमतही मोठी आहे: बहुतेक पाणथळी नाहीशा झाल्या आणि त्यांच्याबरोबर रानबदकांची विणीची ठिकाणेही.

नळ्यांतून पाण्याबरोबर नायट्रेटही वाहते. रॅकून आणि दे मॉइन नद्यांचे पाणी पिणाऱ्या दे मॉइन शहराला ते काढण्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागली. उरलेले मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जाते. तिथे शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. म्हणून आता काही ठिकाणी नळ्यांच्या मुखाशी पुन्हा पाणथळी तयार केल्या जात आहेत. तिथले जिवाणू बऱ्याचशा नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात.