वर्गणी, विमा आणि सेवाग्रामची ज्वारी

शाळेच्या शिक्षकखोलीत एखादा कागद फिरू लागला की तो कशाचा, हे विचारावे लागत नाही. वर सहकाऱ्याचे नाव, त्याखाली परभणीच्या वा नांदेडच्या रुग्णालयाचा उल्लेख आणि मग एकाखाली एक सह्या व रकमा. मानवतसारख्या तालुक्याच्या गावी असे कित्येक कागद मी पाहिले आहेत. पहिल्या नावापुढे पाचशेचा आकडा असेल तर पुढचेही पाचशे लिहितात. शंभर असेल तर शंभर. काही वर्षांपूर्वी एका लोकप्रिय शिक्षकाच्या शस्त्रक्रियेसाठी दोन दिवसांत चाळीस हजारांवर रक्कम उभी राहिली. त्याच वर्षी एका अबोल, काहीशा तुसड्या शिपायाच्या पत्नीच्या आजारपणात कागद फिरला, तेव्हा सहा हजारही जमले नाहीत. खर्च दोघांचाही जवळपास सारखाच होता.

वर्गणी ही आपली जुनी रीत आहे व तिची टवाळी करण्याचे कारण नाही. परंतु ती आजारानंतर येते आणि देणाऱ्याच्या मर्जीने येते. घेणाऱ्याच्या पदरी उपकार पडतो, हक्क पडत नाही. विम्याचे नेमके उलट आहे. तेथे हक्क कागदावर असतो, पण देणारा परका असतो. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबावयास लावू शकते (ही मुदत पूर्वी चार वर्षांची होती, ती २०२४ साली कमी झाली), आणि पन्नाशी ओलांडलेल्या, मधुमेह जडलेल्या दिवाणजीला हप्त्याचा आकडा ऐकूनच परत फिरावे लागते. शासकीय व अनुदानित शाळांतील शिक्षकांना वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. तिच्यासाठी माराव्या लागणाऱ्या खेपा हा निराळा विषय. परंतु विनाअनुदानित शाळेतील शिक्षक, आडतीवरचा कारकून, जिनिंगमधला हंगामी मापारी यांना तीही नाही.

या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे. सभासदांनी आजार येण्यापूर्वीच ठरावीक रक्कम एकत्र ठेवावयाची, नियम स्वतः करावयाचे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावयाचा. अमेरिकेत धार्मिक मंडळांच्या आश्रयाने अशा योजना मोठ्या प्रमाणावर चालतात, आणि २०१० च्या आरोग्य कायद्याने जुन्या मंडळांच्या सभासदांना विम्याच्या सक्तीतून वगळलेही होते. मात्र तेथे सभासदाचा खर्च भागविण्याची कायदेशीर हमी कोणी घेत नाही. २०२१ साली ‘शॅरिटी’ नावाचे असेच एक मंडळ दिवाळखोरीत निघाले, तेव्हा हजारो कुटुंबांची बिले त्यांच्याच गळ्यात राहिली. हजारो मैलांवरच्या अनोळखी सभासदांची अशी मोट म्हणजे विम्याचा परकेपणा अधिक वर्गणीचा अनिश्चितपणा, असे माझे मत आहे.

याहून शिकण्याजोगे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या सुमारास भोवतालच्या खेड्यांसाठी एक योजना सुरू केली. तिच्यामागे तेथील वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. उल्हास जाजू होते. वर्गणी रोख नव्हती, ज्वारीत होती. कारण सुगीच्या दिवसांत शेतमजुराच्या घरातही चार पायल्या धान्य असते, रोकड नसते. भूमिहीनाने किमान वाटा द्यावयाचा, जमीनवाल्याने एकरांच्या प्रमाणात अधिक. आजारी पडल्यावर मात्र दोघांना सेवा सारखीच. गावातील गरीब कुटुंबांपैकी किमान पाऊण हिस्सा सहभागी झाल्याखेरीज त्या गावाला योजना लागू करावयाची नाही, ही अट होती. त्यामुळे केवळ आजारी माणसांनीच नावे नोंदवावीत आणि निधी वर्षभरात आटावा, हा धोका टळला. अकस्मात आलेल्या आजाराला रुग्णालयात मोफत उपचार; बाळंतपण, मोतीबिंदू यांसारख्या, ज्यांची चाहूल आधी लागते अशा प्रसंगी केवळ सवलत. हा भेद कोणा विमा-गणितज्ञाला सुचला असता तर त्याची वाहवा झाली असती.

तथापि एक गोष्ट लपविता कामा नये. रुग्णालयाचा खरा खर्च त्या ज्वारीतून निघत नव्हता. सेवाग्रामच्या संस्थेचा निम्मा भार केंद्र सरकार, पाव भाग राज्य सरकार आणि उरलेला कस्तुरबा हेल्थ सोसायटी उचलते. ज्वारीने रुग्णालय चालले नाही. ज्वारीने गावाचा त्या रुग्णालयावर हक्क निर्माण केला. सहभागाच्या योजनेकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे येथे स्पष्ट होते.

पुण्यामुंबईच्या वस्त्यांत अन्नपूर्णा परिवाराने २००३ पासून याच धर्तीचा आरोग्यनिधी चालविला. तेथे दावा मंजूर करावयाचा की नाही हे सभासद स्त्रियांची समिती ठरविते आणि ठरावीक रुग्णालयांशी आधीच दराची बोलणी केलेली असतात. शेजारणीचे बिल शेजारीणच तपासणार असल्यावर खोटी बिले सहसा येत नाहीत, आणि आलीच तर लपत नाहीत.

आता मानवतचा हिशेब मांडू. दोनशे सभासदांनी दरमहा दोनशे रुपये दिले तर वर्षाला चार लाख ऐंशी हजार होतात. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या दोन-तीन रुग्णांवर हा निधी संपेल, आणि चौथ्या सभासदाला आपण फसविल्याचे पाप माथी येईल. दोनशे माणसांत मोठा आजार किती जणांना गाठेल, याचा अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी लाखोंची संख्या लागते. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियांचा भार शासनानेच उचलला पाहिजे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या नावाने चालू राहिलेली योजना त्याचसाठी आहे. कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना प्रवेश, असा निर्णय २०२३ साली झाला.

पण ती योजना ठरलेल्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्यांसाठी व ठरलेल्या उपचारांसाठी आहे. मधुमेहाच्या गोळ्या, दाखल होण्यापूर्वीच्या तपासण्या, परभणीपर्यंतचे जीपभाडे, रुग्णासोबत राहणाऱ्याचे जेवण आणि त्याचा बुडालेला रोज हे सारे तिच्या बाहेर राहते. घर कर्जात बुडते ते बहुधा येथूनच. आमचा निधी या जागी बसला पाहिजे. एका सभासदाला वर्षात पंधरा हजारांची मर्यादा घातली, तर वरच्या रकमेत बत्तीस जणांना पूर्ण मदत देता येते. आणि पगाराप्रमाणे वर्गणी कमीजास्त ठेवली तर शिपायाचा वाटा मुख्याध्यापकाइतका असण्याचे कारण उरत नाही.

याला ‘विमा’ म्हणता येणार नाही, हेही ध्यानात असावे. विमा कंपनी काढावयास किमान शंभर कोटींचे भांडवल लागते आणि तो शब्द वापरून पैसे गोळा करणाऱ्याला कायदा मोकळा सोडत नाही. पगारदारांच्या पतसंस्थांतून सभासद कल्याण निधी असतातच. उपविधीत दुरुस्ती करून त्यांचाच विस्तार करणे अधिक सुरक्षित.

आमच्या पतसंस्थेच्या सर्वसाधारण सभेत मी हा विषय मांडला, तेव्हा मागील बाकावरून पहिला प्रश्न आला: “मी आजारीच पडलो नाही तर माझे पैसे परत मिळणार काय?” सभेत हशा पिकला, परंतु प्रश्न विचारणाऱ्याचे मला वाईट वाटले नाही. भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतो. येथे तो लागू नये अशीच प्रार्थना करावयाची असते, आणि हे गळी उतरावयास वेळ लागतो. दुसरा प्रश्न शिपायाचा होता. समितीवर आमच्यापैकी कोणी असणार का, असे त्याने विचारले. अध्यक्षांनी तीन जणांची उपसमिती नेमून गेल्या तीन वर्षांत सभासदांच्या घरी औषधपाण्यावर झालेला खर्च लिहून आणावयास सांगितले आहे. त्यात त्या शिपायाचेही नाव घातले आहे.