श्रेष्ठ खेळाडू कोण?

जालन्याच्या विजय झोलने २०११ साली महाराष्ट्राच्या संघातून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या होत्या. मग दोघांत श्रेष्ठ कोण?

आकडा झोलचा मोठा आहे. परंतु तो सामना एकोणीस वर्षांखालील मुलांचा होता. निंबाळकरांचा सामना रणजी करंडकाचा, म्हणजे प्रौढ व कसलेल्या खेळाडूंचा होता. दोन्ही पराक्रम थोर खरे; पण वेगवेगळ्या मापांनी मोजलेल्या धान्याची तुलना कशी करावी?

प्रा. दि. ब. देवधरांची सर्वोच्च धावसंख्या २४६. ती निंबाळकरांच्या मानाने लहान दिसते. तथापि, १९४० साली बलाढ्य मुंबईविरुद्ध ती काढली, तेव्हा देवधर अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. हे नेतृत्व धावांच्या आकड्यात कोठून दिसणार?

म्हणून खेळाडूंचा क्रम लावताना आधी आकडे पाहावेत, ते कोणत्या परिस्थितीत मिळाले हे पारखावे आणि मगच मत बनवावे. त्या मतामागील कारणही सांगता आले पाहिजे. कारणावाचून दिलेले मत म्हणजे केवळ आवड होय.