वैशाखात अजिंठा पाहताना

लेणीदर्शन आणि अजिंठा गावातील स्नेह्यांची भेट एकाच दिवशी साधू इच्छिणाऱ्याने छत्रपती संभाजीनगराहून सुमारे १०० किलोमीटरांचा प्रवास पहाटेच आरंभावा, फर्दापूर तिठ्यावर वाहन ठेवून पुढील ४ किलोमीटर बसने जावे, आणि वाघूर नदीकाठचा कातळ तापण्यापूर्वीच, जेथे शिकारीस आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी आपले नाव कोरण्याचा अविचार केला, ते दहावे लेणे पाहून घ्यावे. दुपार परतीच्या वाटेवरील गावात, स्नेह्यांच्या ओसरीवर पन्हे घेत काढावी; तेथे घड्याळाचा अंमल व्यर्थच! उन्हे कलल्यावर आसफजाही तटबंदी, आणि लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ साली नेमलेल्या रॉबर्ट गिलचा दीर्घ मुक्काम झाला ती बारादरी पाहावी. लेणी सोमवारी बंद असतात.