साखरपट्टीतले एन्झाइम आणि औषधाची टाकी : ‘बिग’ अनुदान कोणाला मिळते?

बनशंकरीत किंवा आसपास राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांत मुलगा-मुलगी बायोटेक्नॉलॉजी शिकत आहे, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. आधीच सांगतो : हे पैसे थेट बँक खात्यात जमा होणाऱ्या योजनेसारखे नाहीत.

संशोधन कशावर?
घरी साखर तपासण्याच्या पट्टीवर एन्झाइम असते. अनेक पट्ट्यांत ते ग्लुकोज ऑक्सिडेज असते. ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली की विजेचा सूक्ष्म प्रवाह मिळतो आणि त्यावरून यंत्र आकडा दाखवते. ही कल्पना क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ साली मांडली.

इन्सुलिनही जिवाणू किंवा यीस्ट वाढवून मोठ्या टाकीत, म्हणजे बायोरिअ‍ॅक्टरमध्ये तयार होते. टाकीत साखर जास्त झाली तर ई. कोलाय जिवाणू अ‍ॅसिटेट सोडतात आणि वाढ मंदावते. कमी पडली तर ते उपाशी राहतात. दर काही तासांनी नमुना काढून तपासावा, तर उत्तर उशिरा येते आणि टाकीत बाहेरचे जंतू शिरण्याची भीती राहते. एक घाण वाया गेली की खर्च वाढतोच.

मग पट्टीतलेच एन्झाइम टाकीत का बसवत नाहीत? कारण टाकी १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेने निर्जंतुक करतात, आणि त्या उष्णतेत एन्झाइम निकामी होते. शिवाय या क्रियेला ऑक्सिजन लागतो, तो टाकीत कमी-जास्त होत असतो. वापरता वापरता एन्झाइमची ताकदही उतरते, म्हणून सेन्सर पुन्हा पुन्हा जुळवावा लागतो. खरी अडचण इथेच आहे.

मदत कोणती?
केंद्र सरकारच्या ‘बिराक’ची बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट, म्हणजे ‘बिग’. नव्या कल्पनेचा नमुना सिद्ध करण्यासाठी १८ महिन्यांत ५० लाख रुपयांपर्यंत. हे कर्ज नव्हे, अनुदान आहे.

अर्ज कोण करू शकतो?
भारतीय नागरिक वैयक्तिकरीत्या, किंवा नवी कंपनी. स्वतःची प्रयोगशाळा नसेल तर इनक्युबेटरमध्ये जागा घ्यावी लागते. नुसती पदवी पुरत नाही. सेन्सर वाफेपासून कसा वाचवणार, हे अर्जात पटवून द्यावे लागते.

कुठे विचारावे?
अर्ज बिराकच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करायचा असतो. ‘मंजूर करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका. मार्गदर्शनासाठी बेंगळुरूत जीकेव्हीके आवारातील सी-कॅम्प; पुण्यात नातेवाईक असतील तर पाषाण रस्त्यावरील एनसीएलच्या आवारातील व्हेंचर सेंटर.