विद्या दिली, हुद्दा कोण देणार?

काम फिटरचे आणि मस्टरवर नोंद हेल्परची, हा प्रकार कामगार चळवळीत वावरणाऱ्यांना नवा नाही. त्यापायी आम्ही कितीतरी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आहेत. पण प्रयोगशाळेतही असे चालते, असे म्हटले तर आपल्यापैकी पुष्कळांना ते खरे वाटणार नाही. तेथे फक्त बुद्धीला मान, अशी आपली समजूत असते. म्हणून व्हिव्हियन टॉमस या कृष्णवर्णीय अमेरिकन गृहस्थांची हकीकत सांगावीशी वाटते.

टॉमस यांचा जन्म १९१० सालचा. बाप सुतार, आणि हेही हाताचे कसबी सुतार. डॉक्टर व्हायचे म्हणून पै पै साठवलेली. ती १९३० साली बँक बुडाली तिच्याबरोबर गेली. त्याच वर्षी नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत त्यांना काम मिळाले होते, तेच मग जन्माचे झाले. ब्लॅलॉक गोरे, दक्षिणेकडचे. तरी त्यांनी या तरुणाला जनावरांवर शस्त्रक्रिया करण्यास शिकवले. एकदा रागाच्या भरात त्यांनी शिवीगाळ केली, तेव्हा टॉमसनी शांतपणे सांगितले, की असे बोलणार असाल तर मी काम सोडतो. ब्लॅलॉकनी माफी मागितली. (पाठीशी संघटना नसताना एकट्याने एवढे बोलायला काय लागते, ते नोकरी करणारालाच कळेल!) मात्र विद्यापीठाच्या दप्तरात बरीच वर्षे टॉमस यांचा वर्ग झाडूवाल्याचा होता, आणि पगारही झाडूवाल्याचा.

१९४१ साली दोघे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत आले. तेथे डॉ. हेलन टॉसिग यांनी त्यांच्यापुढे एक प्रश्न ठेवला. काही मुले हृदयातील दोषामुळे निळी पडतात, फुप्फुसांकडे पुरेसे रक्त जात नाही. काही करता येईल काय? हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुसाच्या रोहिणीला जोडावी, असा उपाय निघाला. ती जोडणी साधेपर्यंत टॉमसनी सुमारे दोनशे कुत्र्यांवर प्रयोग केले. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ब्लॅलॉकनी एका लहान मुलीवर ही शस्त्रक्रिया केली, तेव्हा टॉमस त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाके कसे पडताहेत ते सांगत होते. पुढल्या मे महिन्यात लेख छापून आला. त्यावर नावे दोन, ब्लॅलॉक आणि टॉसिग. टॉमस यांचा उल्लेखसुद्धा नाही.

ब्लॅलॉक दुष्ट होते, असे आम्हांला वाटत नाही. त्यांनी खटपट करून टॉमस यांचा पगार वाढवून घेतला. १९४६ पर्यंत तेथल्या तंत्रज्ञांत सर्वांत मोठा पगार त्यांचा झाला. परंतु त्याच ब्लॅलॉकांच्या घरच्या मेजवान्यांत हे गृहस्थ चार पैशांसाठी पाहुण्यांचे पेले भरून देत. शिष्याला शिकवणे ही एक गोष्ट, आणि त्याची बाजू घेऊन चारचौघांत तोंड उघडणे ही दुसरी. दुसरीत आपल्याच श्रेयातला वाटा काढून द्यावा लागतो. पहिली ब्लॅलॉकनी मनापासून केली. दुसरी पगारापर्यंत येऊन थांबली. ज्यांच्या हाताखाली शल्यविशारदांच्या पिढ्या तयार झाल्या, त्या टॉमसना मानद डॉक्टरेट आणि अध्यापकाची जागा मिळाली १९७६ साली. तेव्हा ब्लॅलॉक जाऊन बारा वर्षे लोटली होती.

लिव्हाय वॉटकिन्स यांची गोष्ट याच्या पुढची. व्हँडरबिल्टच्या वैद्यकीय शाळेतून १९७० साली उत्तीर्ण झालेले ते पहिले कृष्णवर्णीय. हॉपकिन्समध्ये आले तेव्हा त्यांना टॉमस यांचा आधार मिळाला. फेब्रुवारी १९८० मध्ये हृदयाची बिघडलेली लय आपोआप ताळ्यावर आणणारे यंत्र प्रथमच माणसाच्या शरीरात बसवले गेले, ते वॉटकिन्स यांच्या हातून. आम्हांला मात्र त्याआधीचे वर्ष अधिक मोलाचे वाटते. १९७९ साली ते शाळेच्या प्रवेश समितीवर गेले आणि देशभरातल्या हुशार कृष्णवर्णीय मुलामुलींना हुडकून तेथे आणण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. काही वर्षांतच वर्गातले चेहरे बदलू लागले. एकट्या गुरूच्या मर्जीवर जे अडून होते, ते असे समितीच्या टेबलावर आले.

टॉमस यांना हे पाहायला मिळाले. नोव्हेंबर १९८५ मध्ये ते वारले, आणि त्यांचे आत्मचरित्र त्यानंतर थोड्याच दिवसांत प्रसिद्ध झाले. त्यावर नाव एकट्या त्यांचे आहे.