गाय घेताना रक्तही तपासा

चाकणच्या शनिवारच्या बाजारात आपण गाईचे दात बघतो, कास बघतो. रक्त कोण बघतो? सांसर्गिक गर्भपात म्हणजेच ब्रुसेलोसिस वरून ओळखू येत नाही. सातव्या महिन्यात गाय गाभडली, की मग डोक्याला हात!

रोगजंतू अंगात शिरले की रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. रोज बेंगाल चाचणीत रक्तजलाचा थेंब गुलाबी द्रावणात मिसळतात. ४ मिनिटांत गुठळ्या दिसल्या तर लागणीचा संशय. लस टोचलेल्या गाईतही प्रतिपिंडे सापडू शकतात, म्हणून एलायझाने खात्री करावी. पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत नमुना पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतो.

कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात लस द्यावी. गाभडलेल्या गाईचा वार उघड्या हाताने काढू नये. हा रोग माणसालाही होतो.